आधी उजवा, मग डावा

या पानावरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला वाचतोय. घाटात लिफ्ट मागणारी बाई, पिंपळाखालचा म्हातारा, आपोआप उघडणारं दार... वाचलं की मनात येतं, अरे बाबांनो, आधी त्या दाराची बिजागरी तरी तपासा.

राग मानू नका, माझा धंदाच तसा आहे. मी ऑटो इलेक्ट्रिशियन. ट्रक-टेम्पोच्या वायरिंगमध्ये हात काळे करण्यात उभी हयात गेली, आणि ‘मिस्त्री, गाडीत काहीतरी आहे’ असं हळूच कानाशी येऊन सांगणारी गिऱ्हाइकं ढिगाने पाहिली. एकाचा टेम्पो वळणावर आपोआप हॉर्न वाजवायचा. त्या भल्या माणसाने गाडीवरून कोंबडं उतरवलं होतं. मी स्टेअरिंगखालचं झाकण काढलं, तर हॉर्नची वायर सोललेली आणि चाक वळवलं की लोखंडाला टेकत होती. टेप गुंडाळली, भूत गेलं. कोंबडं बिचारं फुकट गेलं.

तर माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आजही ‘आहे’ म्हणायला जीभ वळत नाही. पण एका दुपारी जे झालं ते झालं, आणि ते मी एकट्याने पाहिलेलं नाही. माझी मुलगी सविता होती. हे टाईपसुद्धा तीच करतेय, कारण मला एकेक अक्षर शोधत बसायचा कंटाळा आहे. मध्येमध्ये ‘बाबा, हे कशाला लिहायचं’ असंही चाललंय. मी म्हटलं, तू टाईप कर, मिस्त्री मी आहे.

साल दोन हजार सहा असेल, नाहीतर सात. माझं दुकान भिवंडीजवळ, अंजूर फाट्याहून दापोड्याकडे येणाऱ्या रस्त्यावर होतं — पत्र्याची शेड, पुढे एक ट्रक आरामात उभा राहील एवढी मोकळी जागा, मागे आमचं घर. आजूबाजूच्या शेतांवर तोवर गोडाऊनं उभी राहिली होती. भावकीतल्या लोकांनी बंगले बांधले, गाड्या घेतल्या. मी मात्र वायरी सोलत बसलो, कारण मला दुसरं काही येत नव्हतं आणि हेच आवडत होतं. बाजूला एक छोटा पॉवरलूमचा कारखाना होता. तो सुरू असला की शेजारी उभ्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागायचं. शुक्रवारी तेवढा बंद असायचा.

आता कुंदाबद्दल सांगायला हवं. कुंदा म्हणजे माझी बायको. तिचं माहेर पडघ्याकडचं, शेतीवाडीचं घर. ट्रकशी संबंध एवढाच, की हायवेवरून जाताना पाहिलेले. लग्न होऊन आली आणि वर्षभरात माझ्या धंद्यात निम्मी भागीदार झाली. कारण असं, की ट्रकच्या मागच्या लाईटी तपासायला दोन माणसं लागतात. एक मागे, टेस्ट लॅम्प घेऊन — म्हणजे काय, एक बल्ब आणि त्याला दोन वायरी, करंट असेल तिथे पेटतो. दुसरं माणूस पुढे केबिनमध्ये. मागच्याने ‘ब्रेक’ म्हटलं की पुढच्याने पेडल दाबायचं, ‘सोड’ म्हटलं की सोडायचं. ‘डावा’, ‘उजवा’ म्हटलं की त्या बाजूचा इंडिकेटर द्यायचा. हेल्पर माझ्याकडे कधी टिकले नाहीत. मी तोंडाचा फटकळ आहे. (सविता म्हणते, फटकळ हा शब्द कमी पडतो.) मग मी घराकडे तोंड करून हाक मारायचो, आणि कुंदा हातातलं टाकून यायची आणि पदर खोचून केबिनमध्ये चढायची.

काम एकदम चोख, फक्त एक खोड होती. ‘डावा’ म्हटलं की आधी उजवा लागायचा. दोनदा लुकलुकून बंद व्हायचा आणि मग डावा लागायचा. ‘उजवा’ म्हटलं की आधी डावा. कायम असंच. कारण बाई सीटवर सरळ बसायचीच नाही. लूमच्या खडखडाटात माझं ऐकू यावं म्हणून खिडकीतून मान बाहेर काढून, पाठ पुढच्या काचेकडे आणि तोंड माझ्याकडे करून बसायची. असं उलटं बसल्यावर तिचा डावा हात येणार गाडीच्या उजव्या अंगाला. मी चिडायचो. म्हणायचो, अगं गाडीचा डावा, तुझा नव्हे. सरळ बसायला काय होतं तुला? यावर तिचं उत्तर ठरलेलं.

“सरल बसलं तर तुमी दिसत न्हाय. मंग कशाला बसू इथं?”

शेवटी मीच सवय करून घेतली. पहिला लागेल तो सोडून द्यायचा, दुसरा खरा धरायचा.

त्या दुपारच्या आदल्या वर्षी कुंदा काविळीने गेली. पावसाळा संपता संपता आजारी पडली आणि दिवाळीपर्यंतसुद्धा थांबली नाही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण टाईप सविता करतेय.

मग मी एकट्यानेच काम करायला लागलो. एक लाकडी दांडकं मापात कापून घेतलं. ते सीट आणि पेडल यांच्यामध्ये अडकवायचं, म्हणजे ब्रेक दाबलेला राहतो, आणि मागे जाऊन बघायचं. इंडिकेटरसाठी पुढे जा, मागे ये, परत पुढे जा. गुडघे बोलायला लागले. तरी दुसरं माणूस ठेवावंसं वाटलं नाही. गाडीच्या मागे उभा राहिलो की तोंड आपोआप उघडायचं आणि मी ते दाबून मिटायचो. बायको गेली की लोकांना म्हणे चूल बघून, देव्हारा बघून रडू येतं. मला मेलं टेल लॅम्प बघून यायचं. आता कुणाला सांगणार हे?

त्या शुक्रवारी रफिकभाईंची गाडी आली. रफिकभाई स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. ट्रक जुना, पण लेकरासारखा सांभाळलेला. तक्रार अशी, की ब्रेक दाबला की मागचे दोन्ही इंडिकेटर मिणमिणतात आणि ब्रेक लाईट मात्र जेमतेम दिसते. संध्याकाळी वळ गावच्या गोडाऊनमधून माल भरून नाशिकला निघायचं होतं.

“मिस्त्री, कसारा घाट अंधेरे में चढ़ना है,” ते म्हणाले. “मेरा छोड़ो, पीछेवाले को मैं दिखना चाहिए.”

एवढं सांगून ते नमाजाला गेले. तिथून जेवून, वळला गोडाऊनवाल्याला भेटून मग येणार होते.

रोग मला ऐकतानाच कळला होता. अर्थिंग. जुन्या गाड्यांत हे नेहमीचं दुखणं. बॅटरीतून निघालेल्या करंटला परत जायला वाट लागते, आणि ती वाट म्हणजे गाडीची लोखंडी चासी. जिथे वायर चासीला बोल्टने कसलेली असते तिथे गंज चढला की वाट बंद. मग करंट शेजारच्या बल्बमधून घुसून परतीचा रस्ता शोधतो, आणि ब्रेक दाबला की भलतंच काहीतरी पेटतं. बिचारे ड्रायव्हर याला बाहेरची बाधा म्हणतात. मी चावी ऑन केली आणि टेस्ट लॅम्प घेऊन मागे जाऊन खाली बसलो. दांडकं शेडमध्येच राहिलं होतं. ते आणायला उठायचा आळस आला. कारखाना बंद, रस्त्यावरही दुपारची सामसूम. आणि त्या शांततेत माझ्या तोंडून निघून गेलं, “ब्रेक.”

ब्रेक लाईट लागली. मंदच, पण लागली.

खरं सांगतो, मी दचकलोसुद्धा नाही. इतकं ते सवयीचं होतं. लॅम्प लावून बघितलं, ‘सोड’ म्हटलं. पुढून एअर ब्रेकची हवा सुटल्याची फुस्स ऐकू आली आणि लाईट गेली. त्यानंतर माझ्या लक्षात आलं की पुढे कोणी नाहीये.

उठून पुढे गेलो. केबिन रिकामी. दोन्ही दारं लावलेली, इंडिकेटरचा दांडा मधोमध. पेडलखाली वाकून बघितलं, हाताने चाचपलं. कुठेतरी वायर घासून चिकटली असेल आणि माझ्या बोलण्याशी योगायोगाने वेळ जुळली असेल, अशी मनाची समजूत घालत होतो. वायर चिकटली तर लाईट लागेल, हे बरोबर. पण हवा कशी सुटेल? त्याला पेडलवर पाय पडावा लागतो.

परत मागे आलो. म्हटलं, “डावा.”

उजवा लागला. दोनदा लुकलुकला आणि बंद झाला. मग डावा लागला आणि लागलेलाच राहिला. डॅशबोर्डखालच्या फ्लॅशरची टिकटिक मला मागे स्पष्ट ऐकू येत होती.

मी तिथेच मातीत बसकण मारली. इथे लोक लिहितात, अंगावर काटा आला, दरदरून घाम फुटला. मला तसलं काही झालं नाही. मला एवढंच कळलं, की पुढे जे कोणी आहे ते माझ्याकडे तोंड करून बसलंय. आणि मग मात्र मी रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो.

नंतर मी तिला नावाने हाक मारली. काही नाही. म्हटलं, कुंदा, तू हायस ना? डावा आपला लुकलुकतोय. बरीयस का, दुखतं का अजून, असलंही काहीबाही विचारलं. त्याला काही उत्तर नाही. ‘उजवा’ म्हटलं, की डावा बंद होऊन क्षणभर परत लागला आणि मग उजवा. कामाचं बोललं तर काम होत होतं. बाकी कशाला साद नव्हती. गंजलेला बोल्ट माझ्या नाकासमोर होता. मी त्याला हात लावला नाही. ब्रेक, सोड, डावा, उजवा — किती वेळ करत बसलो कुणास ठाऊक.

सविता तेव्हा कॉलेजला होती. ती दुपारी घरी आली आणि मला जेवायला बोलवायला बाहेर आली. मी ओरडतोय, लाईटी लागतायत, म्हणजे पुढे कोणी बसलंय असं तिला वाटलं. कोण आलंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, तूच बघ जाऊन. ती पायरीवर चढली आणि दार उघडून उभी राहिली. मी मागून ‘डावा’ म्हटलं. आधी उजवा, मग डावा. ती खाली उतरून आली. म्हणाली, दांडा हलला नाही, पण टिकटिक वाजतेय.

मग तिला उजवा-डाव्याचं लक्षात आलं. लहानपणापासून बघत आली होती ती, तिला वेगळं सांगायची गरज नव्हती.

“मी बोलू?” तिने विचारलं. मी मान हलवली. ती गाडीच्या मागे मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, “आई.”

काहीच झालं नाही. तिने पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने. बापाला ते बघवत नव्हतं. मी म्हटलं, “काम सांग तिला. कामाचं ऐकते.”

सविताने डोळे पुसले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, “उजवा.”

डावा लागला, दोनदा लुकलुकला आणि बंद झाला. मग उजवा लागला.

जेवण तसंच राहिलं. आम्ही दोघं ट्रकच्या मागे मातीत बसून होतो. वेडेपणाच म्हणा, पण घरात तिघं जमल्यासारखं वाटत होतं. एकदा ती म्हणायची, एकदा मी. मध्ये सविताने विचारलं, हे कशामुळे होतंय? मी म्हटलं, माहीत नाही, पण अर्थिंग खराब आहे, ती केली की बहुतेक जाईल. हे मला कुठून कळलं ते विचारू नका. इतकी वर्षं बिघाड शोधले, बिघाडाबरोबर काय काय जातं याचा अंदाज येतो.

“मग नीट नको करूस, बाबा,” ती म्हणाली. “त्यांना सांग सामान न्हाय मिळालं. उद्या देतो सांग.”

मला तेच हवं होतं. रफिकभाई आले तेव्हा मी त्यांच्याकडे न बघता सांगून टाकलं, की आज होणार नाही, गाडी ठेवून जा. चिडले असते तर बरं झालं असतं. भांडणात मी कुणाला ऐकत नाही. पण ते चिडले नाहीत. म्हणाले, माल आजच उचलायचं कबूल केलंय, जबान दिलीय. “कोई बात नहीं मिस्त्री. ऐसे ही ले जाता हूँ, साइड साइड से.” आणि केबिनच्या दाराकडे वळले.

कसारा घाट मला माहीत आहे. लाईट नसलेला ट्रक वळणावर अंधाराचाच तुकडा वाटतो, म्हणजे दिसतच नाही. मागून कोण येतंय, त्याच्या घरी कोण वाट बघतंय, कोणाला ठाऊक. मी सविताकडे बघितलं. ती उठली, शेडमध्ये गेली आणि पॉलिश पेपर आणि पाना घेऊन आली. ते तिने माझ्या हातात दिलं आणि तोंड फिरवून उभी राहिली.

काम पाच-दहा मिनिटांचं होतं. बोल्ट काढला, गंज खरवडला, वायरीचं टोक कापून नवं बसवलं. बोल्ट मी अगदी सावकाश कसला. मग रफिकभाईंना म्हटलं, बसा, तपासून घेऊ. ते सीटवर चढायला लागले तेव्हा ‘जरा सरकून बसा’ असं तोंडाशी आलं होतं.

‘ब्रेक’ म्हटलं, लालभडक लाईट लागली. ‘डावा’ म्हटलं, डावाच लागला. पहिल्या झटक्यात. ‘उजवा’ म्हटलं, उजवा. बिघाड निघाला, काम फर्स्ट क्लास झालं आणि इतकं वाईट मला आयुष्यात दोनदाच वाटलंय. रफिकभाईंनी हात हलवला आणि गाडी वळच्या दिशेने निघून गेली.

यावर खूप डोकं लावलंय मी. एका इंजिनिअर गिऱ्हाइकाला आडून आडून विचारलं, तर त्याने कागदावर सर्किट काढून दाखवलं, की खराब अर्थिंगमध्ये उजव्याचा करंट डाव्यात जाऊ शकतो. अरे, ते मला येतं. माणसाने म्हटल्यावर जातो का, आणि माणसाने ‘सोड’ म्हटल्यावर हवा सोडतो का, ते सांग. नंतर मी इतर गाड्यांमागेही उभा राहून आवाज देऊन बघितला, लाज कशाला लपवू. काही झालं नाही. रफिकभाई पुढे दोन-तीनदा येऊन गेले. ते चहा प्यायला रस्त्यापलीकडे गेले की मी मागे जाऊन हळूच ‘डावा’ म्हणायचो. गाडी ठणठणीत होती, ती कशाला ऐकतेय. याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा, फक्त मला अर्थिंग शिकवू नका.

एक गोष्ट राहिली. ती लिहू नको असं सविता म्हणतेय, पण तिनेच ती काढली होती.

त्या संध्याकाळी मी शेडचं शटर ओढत होतो. ती मागे येऊन उभी राहिली आणि विचारलं, “बाबा, तू तिला उतर बोललास?”

आमच्या कामात शेवटी एक बोलायचं असतं. सगळं तपासून झालं की मागच्याने आवाज द्यायचा — झालं, उतर. तोवर पुढच्याने जागा सोडायची नाही, कारण मागच्याचा हात वायरीत असतो. कुंदा याला फार पक्की होती. एकदा मी अर्ध्यावर काम सोडून भिवंडीत बल्ब आणायला गेलो. तिथे ओळखीचं कोणी भेटलं, चहा झाला, गप्पा झाल्या. परत येऊन बघतो तर बाई केबिनमध्ये तशीच, शेजारणीकडून मटार मागवून मांडीवर सोलत बसलेली. मी कपाळाला हात लावला, तर मलाच म्हणाली, “तुमी उतर बोललांत कवा?”

सविताला मी खरं ते सांगितलं. बोललो नाही. रफिकभाईंनी स्टार्टर मारला तेव्हा शब्द ओठांपर्यंत आला होता. पण एकदा म्हटलं की ती उतरणार आणि जाणार, हे मला माहीत होतं. मी गप्प राहिलो.

सविताने रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, “म्हणजे नाशिकला गेली.”

कुंदाने नाशिक पाहिलं नव्हतं. किती ट्रकांत चढली असेल ती, पण ती बसलेली असताना त्यातला एकही जागचा हलला नव्हता. “जाऊ दे ना बाबा,” सविता म्हणाली. “फिरू दे जरा.” त्या वेळी मलाही ते बरं वाटलं.

रफिकभाई येऊन जायचे तेव्हाही मी ‘उतर’ म्हटलं नाही, आणि पुढे त्यांनी ती गाडी विकली. गुजरातकडे गेली म्हणे, नक्की कुठे ते त्यांनाही सांगता आलं नाही. मी दोन-चार ट्रान्सपोर्टवाल्यांकडे चौकशी केली, पत्ता लागला नाही. चालू असेल कुठेतरी, लाईटी चांगल्या केल्या होत्या मी. पण तिला ‘उतर’ म्हणणारा माणूस इथे दापोड्यात बसलाय, आणि त्याच्या सांगण्याशिवाय ती उतरणार नाही.